दारातला कोड, फोनमधला कोड

“मॅम, एखाद्या मुलानं काही केलं, तर पोलीस त्याच्या बाबांना धरून नेतात का?”

चौथीतला एक मुलगा माझ्या खोलीत पोटदुखीसाठी बसला होता. वर्गशिक्षिकेनं त्याला तीन दिवसांत दुसऱ्यांदा पाठवलं होतं. ओवा-मीठ देऊन झालं होतं, डबा तसाच परत चालला होता. मी त्याच्यासमोर कागद आणि खडू ठेवले होते. हा प्रश्न त्यानं खडूकडे बघत विचारला, माझ्याकडे बघत नाही.

मी इंदूरच्या एका शाळेत समुपदेशक आहे. पहिली ते पाचवीची मुलं स्वतःहून माझ्याकडे येत नाहीत, त्यांना पाठवलं जातं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट समजली आहे. मूल ‘एखाद्या मुलाबद्दल’ विचारतं तेव्हा ते मूल खोलीतच असतं. त्याला आपण इथं बंडू म्हणू. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्यानंही ते करावंच लागतं.

बंडूचं घर राजेंद्र नगरात आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. इथल्या मराठी घरांतल्या बहुतेक मुलांचं असंच असतं. बाबा पीथमपूरला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. आई पलासियाच्या एका ऑफिसात हिशेब बघते, घरी यायला सात वाजतात. शाळा सुटली की दुपारी दोन ते सात घरात आजी आणि नातू, दोघंच. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. फोनवरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात, हा तिचाच शब्द. म्हणून फोनवर आलेलं सगळं बंडू वाचून दाखवतो.

गॅसचं सिलिंडर आलं की डिलिव्हरीवाला दारातून ओरडतो, “आंटीजी, कोड बताओ.” बंडू आजीचा फोन उघडतो, मेसेज शोधतो आणि आकडे म्हणून दाखवतो. कुरिअर आलं की तेच, लॅबचा रिपोर्ट उघडायचा असला की तेच. मग आजी त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवते आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगते, “आमचा इंजिनियर आहे म्हणून बरं.” सात वर्षांचा होता तेव्हापासून हे चालू आहे. हा परिच्छेद लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बंडूकडे बाबांचा जुना टॅब आहे. बाबा हुशार माणूस. टॅबमध्ये सिमकार्ड नाही, बँकेचं काही नाही. मुलाचं वेगळं खातं काढून त्यांनी गूगलचं फॅमिली लिंक लावलं होतं, रोज एक तास, रात्री नऊनंतर बंद, नवं अ‍ॅप हवं असेल तर विनंती बाबांच्या फोनवर येणार. एक गोळीबाराचा खेळ मात्र त्यांनी स्वतःच मंजूर केला होता. “वर्गात सगळेच खेळून राहिले,” या वाक्यापुढे फार थोडे बाप टिकतात. खेळावर दिलेलं वय बंडूच्या वयापेक्षा जास्त होतं. ते त्यांनी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं.

त्या खेळात टीम करून खेळतात आणि खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. फॅमिली लिंक अ‍ॅपच्या दारापर्यंत पहारा देतं, आतल्या खोलीत कोण कोणाशी काय बोलतंय ते त्याच्या हातात नसतं. ही गोष्ट पालकांच्या बैठकीत सांगितली की दरवेळी चार चेहरे उतरतात.

तीनेक आठवडे बंडूच्या टीममध्ये एक ‘भाई’ होता. चांगला खेळायचा, बंडू मेला की परत जिवंत करायचा, शाबासकी द्यायचा. बोलता बोलता त्यानं विचारलं होतं, घरी कोण असतं, पप्पा कुठं काम करतात, दादी काय करते. बंडूनं सगळं सांगितलं होतं, आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही. मग एका बुधवारी भाई म्हणाला, “डायमंड चाहिये? नंबर दे, कोड आएगा, वो बोल देना.” डायमंड म्हणजे त्या खेळातलं चलन. त्यानं कपडे, बंदुका, नाचायच्या चाली विकत घेता येतात.

बंडूला आजीचा नंबर पाठ होता. तो आम्हीच, शाळेनं, पहिलीत पाठ करून घेतला होता. मूल हरवलं तर घरचा नंबर सांगता यावा म्हणून. अजूनही करून घेतो आणि घेत राहू. पण त्या दिवशी त्या पाठांतराचा उपयोग भलत्याच कामाला झाला.

आजी देवापाशी दिवा लावत होती. फोन वाजला. बंडू पळत गेला. “गॅसचा का रे?” आजीनं विचारलं. “हो,” तो म्हणाला, आणि टॅबजवळ जाऊन सहा आकडे म्हणून दाखवले, अगदी रोजच्यासारखे, दोन दोनच्या जोड्या करून.

तो व्हॉट्सअ‍ॅपचा कोड होता. कोणीही आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकून आजीचा नंबर लिहिला, तर सहा आकड्यांचा कोड आजीच्या सिमवर येतो. तो मिळाला की आजीचं खातं त्या माणसाच्या फोनवर चालू होतं आणि आजीच्या फोनवरचं बंद पडतं. जुने निरोप त्याच्या हाती लागत नाहीत, ते आजीच्या फोनमध्येच राहतात. पण आजी ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे ते ग्रुप, त्यांतली सगळी मंडळी, त्यांचे नंबर, हे सगळं त्याच्यासमोर उघडं होतं. इंदुरी मराठी कुटुंबाचा ग्रुप म्हणजे देवासपासून पुण्यापर्यंत पसरलेली वंशावळच.

गुरुवारी सकाळी नातेवाइकांना निरोप गेले. आँख का ऑपरेशन है, पैसे कम पड़ रहे हैं, शाम तक लौटा दूँगी. हिंदीत. आजी ग्रुपवर नेहमी मराठीत लिहिते, देवनागरीत, बोलून टाइप करवते. पुण्यातल्या भाच्याला क्षणभर वाटलं की आत्या हिंदीत का लिहितेय. मग त्यानं मनाशी म्हटलं, इंदूरची मंडळी, लिहीत असतील. ऑपरेशनचं त्याला माहीतच होतं. त्यानं 12,000 रुपये पाठवले. देवासच्या धाकट्या बहिणीनं 5,000 पाठवले.

फरक पुढे पडला. देवासच्या बहिणीनं पैसे पाठवले आणि लगेच साधा फोन लावला, “ताई, मिळाले का गं?” ताईला काही ठाऊकच नाही. दहा मिनिटांत उलगडा झाला. बहिणीच्या सुनेनं 1930 वर फोन केला. ऑनलाइन पैसे गेले तर कळवायचा हा देशभरचा क्रमांक. पैसे ज्या खात्यात गेले तिथं अजून पडून असतील, तर ती रक्कम तिथंच अडवता येते, म्हणून इथं तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. तिचे पैसे अडले.

भाच्यालाही त्याच संध्याकाळी ग्रुपवरून कळलं. त्यानं तीन दिवस कोणालाच सांगितलं नाही. तो बँकेत नोकरीला आहे. बँकवाला फसला, लोक काय म्हणतील? रविवारी बायकोनं खोदून विचारलं तेव्हा बोलला. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले होते. चाळिशीचा शिकलेला माणूस लाजेपोटी तीन दिवस गप्प बसतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे नऊ वर्षांच्या मुलाचं गप्प बसणं बघायचं आहे.

गुरुवारी दुपारी सुदामा नगरातले काका आले. त्यांनी आजीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा सुरू करायला घेतलं. ते अगदी बरोबर केलं. आपल्याच नंबरवर नवा कोड मागवून टाकला की दुसरीकडे बसलेला माणूस तत्काळ बाहेर फेकला जातो. पण त्या माणसानं मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळे आजीला आत जायला सात दिवस थांबावं लागणार होतं. हे फोनमधलं झालं.

फोनबाहेर जे झालं ते असं. रात्री जेवताना काका म्हणाले, “कुठली तरी लिंक दाबली असशील, आई.” बाबा म्हणाले, “तुला किती वेळा सांगितलं, येईल ते दाबत नको जाऊ.” आई काही बोलली नाही, पण तिनं देवासला फोन करून माफी मागितली, आजीच्या देखत. आजी दोनदा म्हणाली, “मी काही नाही केलं रे.” मग ती गप्प झाली. शुक्रवारी बाबांनी जेल रोडवरून बटणांचा साधा फोन आणला आणि स्मार्टफोन कपाटात ठेवून दिला. आजीचं सकाळचं भजन, बहिणीशी व्हिडिओवरच्या गप्पा, नातीचे फोटो, सगळं त्या कपाटात गेलं.

बंडू समोर बसून वरणभात चिवडत होता. त्याच्या डोळ्यांसमोर घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला फसवलं गेलं होतं आणि त्या माणसालाच बोलणी बसली होती, वस्तू काढून घेतली होती. फसलेल्याचं आपल्या घरी काय होतं, हे त्यानं नीट पाहून घेतलं.

त्याच शुक्रवारी रात्री भाई टॅबवर परत आला. आता त्याला डायमंडमध्ये रस नव्हता. एक दुसरं अ‍ॅप टाक, त्यावर फोटो पाठव. कसला फोटो, ते मी इथं लिहीत नाही. बंडूनं ते अ‍ॅप टाकायचा प्रयत्न केला. विनंती बाबांच्या फोनवर गेली. बाबा रात्रपाळीला होते, मशीन चालू होतं, त्यांनी नाव न वाचताच नकार दाबला. कुलूप इथं कामी आलं, हे मान्य करायला हवं. ‘अ‍ॅपनं काही होत नसतं’ म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. पण नऊ वर्षांच्या मुलानं रात्री पावणेनऊला अनोळखी नावाचं अ‍ॅप का मागितलं, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं नाही. ती विनंती हाच घरातल्यांपर्यंत पोचलेला पहिला निरोप होता.

फोटो येत नाही म्हटल्यावर भाई म्हणाला, तू दादीचा कोड दिलास, चोरी तू केलीस, कोणाला सांगितलंस तर पोलीस तुझ्या पप्पांना पीथमपूरहून धरून नेतील. कारखान्याचं गाव बंडूनंच त्याला सांगितलं होतं.

म्हणून पोट दुखत होतं.

त्यानंतरच्या बुधवारी, माझ्या खोलीत, मी त्याच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर दिलं. “नाही. लहान मुलाला कोणी फसवलं, तर पोलीस फसवणाऱ्याला शोधतात.” मग म्हटलं, तुझ्या घरी कोण कोण फोनवर, टॅबवर बोलतं, त्यांचं चित्र काढ. त्यानं आजी काढली, कानाला छोटा फोन. आई काढली. मग एक चौकोन काढला आणि चौकोनाच्या आत टोपी घातलेला माणूस. “हा कोण?” “भाई.” त्यानंतर अर्धा तास मी जवळजवळ काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र मध्येच थांबवून सांगावी लागली. तो म्हणाला, “तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?” अशा वेळी ‘नाही सांगणार’ म्हणायचा मोह फार होतो, मूल लगेच मोकळं होतं. पण ते वचन पाळता येत नाही, आणि मोडलं की पुढच्या वेळी ते मूल तुमच्या खोलीत येत नाही. मी म्हटलं, “हे मला एकटीला ठेवता येणार नाही रे. घरी सांगावं लागेल. पण कोणाला आधी आणि कसं, ते तू ठरव.”

त्यानं जराही विचार केला नाही. “आजीला आधी.”

आजी रिक्षानं आल्या, आई ऑफिसातून थेट. दोघींना मी आधी बाहेर बसवून सगळं सांगितलं आणि एवढंच मागितलं की आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं ‘का केलंस’ हा प्रश्न नको. आईचे हात थरथरत होते. आजी मात्र खुर्चीत ताठ झाल्या. “म्हणजे मी नव्हते ना ते?” सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला असावा. मग त्यांना आपल्याच बोलण्याची शरम वाटली, पदरानं डोळे पुसले आणि आत गेल्या. बंडूला मांडीवर ओढलं, चौथीतल्या मुलाला, पाय खाली लोंबत होते. आणि सुनेला म्हणाल्या, “आता याच्या बापाला बोलाव. मला बोलायचंय त्याच्याशी.”

बाबा संध्याकाळी आले. आधी भडकले, टॅब फोडून टाकतो म्हणाले. मी म्हटलं, फोडा, पण उद्या, कारण आज त्यातले निरोप म्हणजे पुरावा आहे. खेळ काढू नका, खातं पुसू नका, त्या माणसाला उत्तर देऊ नका, ब्लॉकही आत्ताच नको. आधी त्याचं खेळातलं नाव, आयडी आणि जे काही लिहिलेलं शिल्लक आहे त्याचे दुसऱ्या फोननं फोटो काढा. फोटोवर तारीख-वेळ येऊ द्या. बहुतेक घरांत पहिल्या रागात नेमकं हेच सगळं पुसलं जातं.

“पण मी तर सगळं लॉक केलं होतं,” ते म्हणाले. मी विचारलं, शुक्रवारी काही विनंती आली होती? त्यांनी फोन काढला, शोधलं, आणि बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले. त्यांना समजवायची गरज त्यानंतर उरली नाही.

पुढचा भाग कायद्याचा. तो थोडक्यात सांगते, पण टाळत नाही, कारण शाळांमध्येही इथं पाय मागे येतात. मुलाकडे तसा फोटो मागणं, त्यासाठी त्याच्याशी ओळख वाढवणं, धमकावणं, हे 2012 च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमात येतं. फोटो गेला नाही म्हणून गुन्हा झाला नाही, असं नसतं. पॉक्सोचं कलम 19 सांगतं की असं काही झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. ही सूचना नाही, कर्तव्य आहे, आणि न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला जास्त. आमच्या बैठकीत ‘घरचे नको म्हणत असतील तर’ आणि ‘शाळेचं नाव’ हे दोन्ही सूर निघाले. कलम वाचून दाखवल्यावर विरले. पैशांची तक्रार 1930 वर आधीच होती. मुलाच्या बाबतीतली तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, तिथं स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. शिवाय आम्ही ठाण्यात लेखी दिलं. ज्यांच्या मागे शाळा नाही त्यांच्यासाठी मुलांचा मदत क्रमांक 1098 आहे.

पोलीस येणार म्हटल्यावर बंडूची पुन्हा पाचावर धारण बसली. आणि दारात आल्या त्या सलवार-कमीज घातलेल्या महिला उपनिरीक्षक, सोबत कोणी नाही. पॉक्सोमध्ये तसंच सांगितलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. आजीनं पोहे केले होते, वर जिरावण आणि शेव. बाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतले. बंडूनं नंतर मला सांगितलं, “मॅम, त्यांनी बाबांकडे बघितलंसुद्धा नाही.”

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल.

आदल्या वर्षी मी याच मुलांना एक तासिका घेतली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोन वाक्यं: अनोळखी माणसाशी ऑनलाइन बोलायचं नाही. ओटीपी कोणाला सांगायचा नाही. मुलांनी वहीत उतरवून घेतली, बंडूच्या वहीतही आहेत, अक्षर सुरेख आहे. मी त्याला विचारलं, हे आठवलं नाही का रे? तो गोंधळून म्हणाला, “पण तो अनोळखी नव्हता मॅम, माझ्या टीममध्ये होता. आणि त्यानं ओटीपी नाही मागितला, कोड मागितला.”

त्याच्या बाजूनं तो शंभर टक्के बरोबर होता. अनोळखी म्हणजे मुलांच्या डोक्यात काळा चष्मा लावून चॉकलेट दाखवणारा काका. तीन आठवडे रोज जीव वाचवणारा अनोळखी कसा? आणि ‘कोड’ हा शब्द त्याच्या घरात गॅसवाला, कुरिअरवाला वापरतो, चांगली माणसं वापरतात. कोड सांगितला की लाडू मिळतो. आम्ही शाळेत वर्षाकाठी एक तास शिकवत होतो, घर दर पंधरवड्याला उलटा धडा गिरवून घेत होतं. मुलानं जास्त वेळा गिरवलेला धडा पाळला.

म्हणून टॅबपेक्षा जास्त वेळ आम्ही गॅसच्या कोडावर घालवला. पहिल्यांदा वाटलं, बंडूला फोन वाचायला बंदी करावी. आजीनं ते हाणून पाडलं, “मग मला कोण वाचून दाखवणार, तुम्ही येणार का रोज?” बरोबरच होतं. घराघरांत म्हातारे डोळे आणि लहान डोळे एकमेकांच्या आधारानं चालतात, ती व्यवस्था मोडून चालणार नाही. मग बोलण्यातूनच एक नियम निघाला. कोड दोन प्रकारचे, दारातला आणि फोनमधला. दारात माणूस उभा आहे, हातात आपली वस्तू आहे, आणि आजी त्याला बघते आहे, तरच आकडे म्हणायचे, आणि तेही आजीनं स्वतः. फोनमधल्या, खेळातल्या, कुठल्याही आवाजाला आकडा नाही, मग तो बँकेचा असो, मामाचा असो की टीममधला.

दुसरी सवय लावायला वेळ लागला. बंडू मेसेज उघडला की थेट आकड्यांवर उडी मारायचा. त्या कोडाच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की हा कोणाला देऊ नका. इंग्रजीत असतं, पण बंडूला वाचता येतं. त्यानं ती ओळ कधी वाचलीच नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती. आता घरात म्हण झाली आहे, आकडा नंतर, ओळ आधी. रविवारी संध्याकाळी आजी-नातू आठवड्याचे सगळे मेसेज उघडून बसतात. बंडू पूर्ण वाचतो, मराठीत अर्थ सांगतो, आजी निकाल देते: खरा, खोटा, विचारायला हवा. ‘तुमचं वीज कनेक्शन आज रात्री तोडलं जाईल’ असा एक मेसेज आला होता. आजी म्हणाल्या, “तोडू दे, मेणबत्ती आहे.”

फोन कपाटातून बाहेर आला, बाबांनी स्वतः आणून दिला. काय बोलले ते मला ठाऊक नाही, आजींनीही सांगितलं नाही. सात दिवस सरल्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं आणि त्यात लगेच टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं, म्हणजे आता नुसता कोड मिळून कोणाला आत शिरता येणार नाही, आजीचा स्वतःचा पिनही लागेल. पिन कुठं लिहिलाय? देवघरातल्या पोथीत. मी तोंड उघडणार होते, मग म्हटलं, राहू दे, राजेंद्र नगरच्या त्या पोथीपर्यंत भाईचा हात पोचायचा नाही. लॉक असताना पडद्यावर मेसेज दिसणंही बंद केलं.

टॅब फुटला नाही. दोन आठवडे बंद राहिला, नंतर परत आला, बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी. तो खेळ गेला. बंडू रडला, शेजारच्या मुलाच्या फोनवर एकदा खेळूनही आला, हे आईला कळलं. आईनं मला फोन केला तेव्हा आवाज चढलेला होता. मी म्हटलं, खेळला याचा राग नंतर करा, तुम्हाला कसं कळलं ते सांगा. “त्यानंच सांगितलं.” मग दोघी काही क्षण गप्प होतो. आता दुसरा एक खेळ आहे, त्यात बोलणं बंद ठेवता येतं आणि टीम फक्त चुलत-मावस भावंडांची. बाबा शनिवारी स्वतः खेळतात आणि हरतात.

अ‍ॅपची विनंती आली की नाकारण्याआधी विचारायचं, हे बाबांनी स्वतःला लावून घेतलं आहे. नकार देतातच, पण घरी आल्यावर “काय होतं रे ते?” म्हणून विचारतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र बंडूला नाही. त्याची किमान वयाची अट तेरा वर्षांची आहे आणि हा वाद आई जिंकली.

यानंतरच्या पालकसभेत मी स्लाइड दाखवल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला, तुमच्या घरी आजी-आजोबांचे मेसेज कोण वाचून दाखवतं? आधी हसू आलं, मग हात वर यायला लागले, मग हसू थांबलं. एक आजोबा उभे राहून म्हणाले, “मॅडम, माझ्या बँकेचा पिनसुद्धा नातीनंच लावला आहे.” त्यानंतर सभा दीड तास चालली, चहा गार झाला.

दुसरा प्रश्न विचारला तो जास्त झोंबला. घरात मोठं कोणी फसलं, तेव्हा जेवणाच्या वेळी काय बोललात? मुलं तिथं होती का? एक वडील म्हणाले की त्यांच्या भावाला अजून ‘लॉटरी’ म्हणून हाक मारतात. सगळे हसले. त्यांची मुलगी दुसरीत आहे.

भाई सापडलेला नाही, तपास चालू आहे एवढंच आम्हाला सांगतात. देवासचे 5,000 अडवलेले आहेत, परत मिळण्याची प्रक्रिया सुरू आहे. पुण्याचे 12,000 गेले ते गेले. भाचा दिवाळीनंतर इंदूरला आला होता. बंडू त्याच्यासमोर जायला तयार नव्हता. मग भाच्यानंच त्याला गाडीवर बसवून सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, नेलं, गराडू खायला घातले आणि सांगितलं की मी तर बँकेत असून तीन दिवस कोणाला सांगितलं नाही, तू सहा दिवसांत सांगितलंस. हिशेबानं बघितलं तर भाचा तीन दिवसांनी पुढे होता, पण बंडूला ते पटलं आणि मीही दुरुस्त करायला गेले नाही.

पोटदुखी थांबली. रात्री दिवा चालू ठेवून झोपायची सवय काही महिने होती. फोन वाजला की दचकणं अजून अधूनमधून आहे. तो अजूनही महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो, आता पाठवावा लागत नाही.

गेल्या महिन्यात आजींचा फोन आला. भावंडांच्या टीममध्ये कोणाचा तरी मित्र शिरला होता आणि बोलणं कोणीतरी चालू केलं होतं. त्यानं बंडूला विचारलं, कहाँ रहता है? बंडूनं टॅब ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. आजी खूश होत्या, पण त्यांना एक शंका होती.

“मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? तर म्हणतो, राजवाड्यात राहतो म्हटलं, होळकरांच्या. आता मला सांगा मॅडम, एवढं खोटं बोललेलं चालतं का हो?”